सहल डिसेंबरात निघते, सडा जुलैत फुलतो

संपादक महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ‘फील्ड प्रोजेक्ट’ नावाचा दोन क्रेडिटचा भाग आला आहे. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा दोन क्रेडिटचे ६० तास झाले. जीवशास्त्राचे शिक्षक वर्षानुवर्षे जे मागत होते, ते कागदावर तरी मिळाले. पण पुष्कळ ठिकाणी हे ६० तास डिसेंबर-जानेवारीतल्या चार दिवसांच्या सहलीत बसवले जातात. बस दूरच्या एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाते. एक वनस्पती उद्यान, एक मत्स्यालय, गटाचा फोटो, परतल्यावर इंटरनेटवरून उतरवलेला टूर रिपोर्ट, आणि सबमिशन पूर्ण. असल्या सहलीवर क्रेडिट देऊ नये आणि हे तास महाविद्यालयापासून पाच-सात किलोमीटरच्या आत, एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन भरावेत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात शिकवतो, म्हणून उदाहरणे इथली आहेत. सातारा, नाशिक किंवा गोव्याच्या शिक्षकांना आपापली जागा सहज सुचेल.

आमच्याकडे जागा म्हणजे सडा. जांभ्या दगडाचे हे सपाट कातळ मे महिन्यात तव्यासारखे तापलेले असतात, आणि बाहेरचा माणूस त्यांना पडीक जमीन समजतो. पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत कातळावरच्या शेवाळाला आणि मॉसला हिरवा रंग चढतो. खळग्यांत पाणी साठते आणि त्यात बेडकांची पिल्ले वळवळू लागतात. जूनअखेर ते जुलै या काळात पांढऱ्या फुलांची दीपकाडी येते. ती कोकणच्या सड्यांखेरीज जवळजवळ कुठेच सापडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेंद आणि सीतेची आसवे एकाच ओल्या पट्ट्यात शेजारी शेजारी फुलतात, नभाळी निळी होते, पुढे दवबिंदूची लालसर झाडे दिसू लागतात. ऑक्टोबरअखेर गवत पिवळे पडते आणि सगळा देखावा संपतो. आपले विषम सत्र नेमके जून ते ऑक्टोबर चालते. निसर्गाचे आणि विद्यापीठाचे वेळापत्रक आयते जुळलेले असताना आपण मुलांना डिसेंबरात बाहेर काढतो. त्या वेळी अभ्यासक्रमातल्या रिक्सिया, अँथोसेरॉस यांसारख्या वनस्पती वाळून गेलेल्या असतात आणि मुले त्या फॉर्मेलिनच्या बरणीत बघतात.

चौरसाची पद्धत, म्हणजे क्वाड्रॅट (ठरलेल्या मापाची चौकट जमिनीवर ठेवून तिच्यातल्या वनस्पती मोजणे), अभ्यासक्रमात आहेच. पण ती फळ्यावर शिकवली जाते किंवा लॉनवर एकदा करून सोडली जाते. अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो घेतले की एक मीटर बाय एक मीटरची चौकट तयार होते. आतले माप एक मीटर भरले पाहिजे, म्हणून पाइप कापण्यापूर्वी एल्बो जोडून मोजावे. नाहीतर चौकटीचे माप बदलते आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. चौकटीला २० सेंटीमीटरवर दोरे बांधले की २५ घरे होतात आणि प्रत्येक घर चार टक्क्यांचे होते. सड्यावर गवताचे एक एक रोप मोजता येत नाही, कारण एकाच बुंध्यातून अनेक फुटवे येतात. तिथे संख्या न मोजता व्यापलेले क्षेत्र टक्क्यांत लिहावे. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न सांगता अंदाज करावा आणि दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा बघावे.

सर्वांत मोठी चूक चौकट टाकताना होते. ‘डोळे मिटून खांद्यावरून फेका’ असे सांगायची पद्धत आहे, पण मूल जिथे उभे असते तिथेच मुळात फुले असतात. जिथे चिखल आहे किंवा करवंदीची जाळी आहे तिथे कोणी उभे राहत नाही. त्यामुळे ओल्या खळग्यांची गणना जास्त आणि उघड्या कातळाची कमी होते. त्याऐवजी ५० मीटरची टेप सरळ अंथरावी, मोबाइलवर यादृच्छिक आकडे काढावेत आणि येईल त्या मीटरवर चौकट ठेवावी. तिथे नुसता दगड असला तरी तो चौरस नोंदवायचाच. शून्य हाही आकडा आहे. काठावर येणाऱ्या रोपांचा नियम आधी ठरवावा: मूळ आत असेल तर ते रोप मोजायचे, आणि बरोबर रेघेवर असेल तर फक्त वरच्या आणि डाव्या बाजूचे. किती चौरस पुरेत, याचे उत्तर पुस्तकात शोधू नये. प्रत्येक चौरसानंतर एकूण नव्या जातींची संख्या आलेख-कागदावर टिपत जावी. रेघ आडवी होऊ लागली की थांबावे.

त्याच चौरसांकडे महिन्याने परतायचे असेल तर खूण लागते, आणि इथे मोबाइलवर विसंबून चालत नाही. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या जागीही काही मीटर चुकतो, एक मीटरचा चौरस त्याने सापडत नाही. कातळात खिळा ठोकता येत नाही, ऑइलपेंटचा ठिपका एका पावसाळ्यात पुसट होतो. म्हणून एखादा न हलणारा दगड, गडगा किंवा विजेचा खांब धरून होकायंत्राने दिशा आणि टेपने अंतर वहीत लिहावे, आणि खांबाकडे तोंड करून चौरसाचा फोटो काढावा. जूनचा तिसरा आठवडा, जुलैअखेर, ऑगस्टअखेर, सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरअखेर, असे एकाच चौरसाचे पाच तक्ते शेजारी ठेवले की ‘ऋतुमानानुसार बदल’ हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. मातीची खोलीही तिथेच मोजावी. पातळ लोखंडी सळई टोचायची आणि नखाने खूण करून पट्टीवर मापायची. दोन सेंटीमीटर मातीत कोण येते आणि दहा सेंटीमीटर मातीत कोण, हे कळले की गेंद आणि गवत वेगवेगळ्या पट्ट्यांत का उगवतात ते मुले आपणच सांगतात. सीतेच्या आसवांचा एक छोटा झुबका पाण्यात हलकेच धुऊन दहापट भिंगाखाली धरला तर मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवर बारीक पिशव्या दिसतात. नत्र कमी असलेल्या मातीत ही वनस्पती त्या पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडून जगते.

गणितात एक गोंधळ हमखास होतो. दहा चौरसांपैकी चारांत एक जात सापडली आणि एकूण रोपे ३६ भरली, तर वारंवारिता ४० टक्के, घनता ३.६ आणि विपुलता ९. घनतेसाठी रोपांच्या संख्येला सर्व चौरसांनी भागायचे आणि विपुलतेसाठी फक्त जात सापडलेल्या चौरसांनी. मुले दोन्हींसाठी दहाने भागतात आणि दोन रकान्यांत एकच आकडा लिहितात. तपासणाऱ्याने एवढे पाहिले तरी नक्कल केलेली जर्नले वेगळी काढता येतील, कारण चूकही जशीच्या तशी उतरलेली असते.

आता हर्बेरियमविषयी, म्हणजे शीटवर चिकटवलेल्या वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहाविषयी. एका वर्गात ६० विद्यार्थी आणि प्रत्येकाला २५ शीट सक्तीच्या, म्हणजे एका वर्षी एका गावाच्या परिसरातून १५०० झाडे उपटली जातात, तीही मुळासकट. दीपकाडीसारखी कंदवर्गीय वनस्पती उपटली की ती जागा रिकामी होते. चौघांच्या गटाला दहा शीट पुरेशा आहेत. त्याही टाकळा, आघाडा, कुर्डू, रानतुळस अशा सर्रास उगवणाऱ्या झाडांच्या असाव्यात, दुर्मीळ झाडांचे फक्त फोटो घ्यावेत. फोटो तरी नीट हवेत: पूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगे, फूल समोरून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी. दुर्मीळ झाडाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

शीटचा आकार साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटर असतो. पावसाळ्यात वनस्पती वाळवणे हीच खरी परीक्षा आहे. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलला नाही तर पाने काळी पडतात आणि बुरशी येते. वर्तमानपत्राच्या पुरवण्यांचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही, त्यासाठी रोजच्या अंकाचा साधा कागदच लागतो. इस्त्री किंवा शेगडीवर घाई केली तर पान ठिसूळ होऊन चिकटवताना तुटते. घोळीसारखी मांसल झाडे दाबण्याआधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावीत, नाहीतर ती कागदातही जिवंत राहून पाने गाळतात. काही प्रयोगशाळांत अजून शीट मर्क्युरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवतात. ते जहाल विष आहे आणि अशा जुन्या शीट हाताळणाऱ्याच्याही बोटांना लागते. वाळलेली शीट पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप-फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवली की कसर आणि तिची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर शीटवर दव धरते.

लेबलवर ‘रत्नागिरी’ एवढेच लिहून भागत नाही. गाव, वाडी, सडा की शेताचा बांध की ओढा, तारीख (गोळा केल्याची, सबमिशनची नव्हे), झाडाची उंची आणि फुलाचा रंग हवा. वाळल्यावर जांभळे फूल तपकिरी होते आणि मग कोणीच सांगू शकत नाही. स्थानिक नाव अवश्य लिहावे, कारण आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या आजीला जितक्या रानभाज्या ओळखता येतात तितक्या आम्हालाही येत नाहीत. मात्र स्थानिक नावावर थांबूही नये. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, कांचनाचे त्याहून बरेच मोठे. फुले मिळाली तर प्रश्नच नाही, आपट्यात दहा पुंकेसर असतात आणि कांचनाच्या नेहमीच्या दोन जातींत त्यांतले तीन किंवा पाचच कामाचे. आपटा फुलतो उन्हाळ्यात, तेव्हा दसऱ्याच्या आठवड्यात फक्त पानावरून ओळख करायला लावणे ही वर्गातली उत्तम चाचणी ठरते, आणि त्यासाठी बस लागत नाही.

ओळखीच्या मोबाइल अ‍ॅपविषयी आमचा विरोध नाही. पण गवते, लव्हाळे आणि गेंद यांच्या बाबतीत ती ठामपणे चूक नाव देतात. गेंदाची जात ओळखायला फुलांचे भाग आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. विद्यार्थ्याने ओळख प्रजातीपर्यंत (म्हणजे जीनसपर्यंत) नेऊन पुढे ‘जात अनिश्चित’ लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. अ‍ॅपचे नाव छातीठोकपणे लिहिणाऱ्यापेक्षा त्याने जास्त विज्ञान केलेले असते.

वर्ग आणि बाहेरचे काम यांची सांगड घालायला सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे गावातली तळी. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजणे अभ्यासक्रमात असते, आणि बहुतेकदा ते नळाच्या पाण्यावर उरकले जाते. तेच तळीवर पहाटे सहाला आणि दुपारी तीनला केले तर प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांचा धडा आकड्यांत दिसतो, कारण शेवाळाने भरलेल्या तळीत पहाटेचा आकडा दुपारपेक्षा बराच खाली असतो. ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखालीच भरून बंद करावी, आत एकही बुडबुडा नको. मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड प्रत्येकी दोन मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याच्या आत नेऊन, आणि तेही काठावरच. महाविद्यालयात परतून घालू म्हटले तर वाटेत जीवजंतू प्राणवायू वापरत राहतात. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. मग दोन मिलिलिटर संहत गंधकाम्ल (गॉगल आणि हातमोजे घालून), आणि २०० मिलिलिटर नमुन्याचे ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन). या प्रमाणात जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागेल तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर उत्तर, वेगळे सूत्र नको. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर निळा रंग नीट जात नाही; द्रावण फिकट गवती पिवळे झाल्यावरच घालावा. थायोसल्फेटची ताकद ठेवल्या ठेवल्या उतरते, म्हणून महिन्यापूर्वीची बाटली प्रमाणित केल्याशिवाय वापरू नये. बऱ्याच ठिकाणी उत्तर अवाच्या सवा येते, त्याचे कारण तळी नसून ही बाटली असते.

समुद्रकिनाऱ्याचा अभ्यास पावसाळ्यात करू नये, तो सम सत्रासाठी राखावा. इथे वेळ चुकते ती बसच्या सोयीने चालल्यामुळे. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास असते. दहाला पोहोचलेल्या मुलांना चढते पाणीच दिसते, आणि मग किनाऱ्यावरच्या दुकानातून शंख विकत घेऊन सबमिशन होते. मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे: तिथीचे पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अष्टमीला भांग असल्यामुळे पाणी फार मागे जात नाही. द्वितीया-तृतीयेला उधाण असते आणि ओहोटी सकाळी सात-आठच्या दरम्यान येते, हा दिवस उत्तम. तरी भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहावाच, कारण त्यात वेळेशेजारी पाण्याची उंचीही असते. आकडा जितका लहान तितका खडक जास्त उघडा. ओहोटीच्या दोन तास आधी उतरावे, पाण्यामागून खाली जावे आणि पाणी वळले की निघावे. ५० बाय ५० सेंटीमीटरची चौकट वरून खाली ठेवत गेले की बार्नकल, कालवे आणि शेवाळ यांचे पट्टे स्पष्ट दिसतात. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. काहीही उचलून आणायचे नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहे, आणि ‘सबमिशनसाठी घेतले’ हे उत्तर कायद्यात चालत नाही.

प्राणिशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवीच्या प्रात्यक्षिकांतले प्राण्यांचे विच्छेदन थांबवले, ते योग्यच झाले. पण त्या जागी तक्ते आणि तयार स्लाइड आल्या आणि जिवंत प्राणी वर्गातून नाहीसा झाला. फुलपाखरांची गणना हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे. ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचे, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर यांच्या आत दिसेल तेवढेच मोजायचे, मागे वळून मोजायचे नाही. ऊन असताना, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, दर आठवड्याला. ढगाळ दिवशी आकडा पडतो. तोही लिहावा आणि शेजारी आकाशाची स्थिती लिहावी.

सुरक्षिततेची भीती हे परवानगी नाकारण्याचे नेहमीचे कारण असते, आणि ती भीती खोटी नाही. सड्यावर दगडांखाली फुरसे असते. म्हणून गुडघ्यापर्यंत गमबूट हवेत, आणि दगड उचललाच तर आपल्याकडची कड खाली टेकवून पलीकडची वर घ्यावी, म्हणजे साप आणि आपण यांच्यामध्ये दगड राहतो. दंश झालाच तर बांधायचे नाही, कापायचे नाही. हात-पाय न हलवता १०८ ची रुग्णवाहिका. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पविषावरचे प्रतिविष (अँटीव्हेनम) उपलब्ध आहे का, हे निघण्याआधीच फोन करून विचारावे. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजा होतात आणि उघड्या सड्यावर उंच काहीच नसते, तेव्हा काम दुपारी एकपर्यंत आटोपावे. वीस मुलांमागे दोन शिक्षक, त्यांत एक शिक्षिका, आणि चार तासांच्या फेरीत मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय कुठल्या घरी किंवा शाळेत आहे हे आधी ठरलेले असावे. यामुळे किती मुली घरून परवानगी मिळवू शकतात, हे प्राचार्यांनी एकदा पाहावे.

साठ तासांची वाटणी अशी बसते: आठ तास आवारातच सराव, चार-चार तासांच्या आठ फेऱ्या म्हणजे ३२, ओळख आणि सूक्ष्मदर्शकासाठी १२, गणिते आणि लेखनासाठी आठ. पन्नास गुणांपैकी २० गुण जागेवर पेन्सिलीने लिहिलेल्या वहीला द्यावेत (जेल पेनची शाई पावसात पसरते आणि ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही). दहा ओळख चाचणीला, दहा गणितांना, दहा तोंडी परीक्षेला, आणि ती परीक्षा शक्यतो चौरसापाशी उभे राहून. छापील, बांधलेल्या अहवालाला गुणच ठेवू नयेत. ओली, डागाळलेली, खाडाखोड असलेली वही नक्कल करता येत नाही.

कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे शुल्क, ओळखपत्रे आणि वेळापत्रक यांत बहुतेक ठिकाणी जुलैचा मध्य उजाडतो, तोवर दीपकाडी संपत आलेली असते. ही मुले महाविद्यालयाची आधीपासूनचीच असतात. त्यांची पहिली फेरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काढायला प्राचार्यांचे एक पत्र पुरते, आणि ते पत्र मे महिन्यातच निघावे अशी आमची विनंती आहे.

– रत्नागिरी जिल्ह्यातील वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे काही अध्यापक